कशेळीच्या सड्यावर हत्ती आहे!

हत्ती आहे! १८ मीटर लांब, १३ मीटर रुंद, राजापूर तालुक्यातल्या कशेळी गावच्या सड्यावर, उघड्या आभाळाखाली, जांभ्या दगडात कोरलेला. पुण्यातला आमचा अख्खा फ्लॅट त्याच्या पोटात बसेल आणि वर अंगणाला जागा उरेल. कुणी कोरला, त्यांची नावं कुठल्याच बखरीत नाहीत. कधी कोरला, याचे अंदाज दहा-बारा हजार वर्षांपर्यंत मागे जातात. आणि हा हत्ती कुठल्या दुर्गम कपारीत नाही की काचेआड नाही. गावाबाहेरच्या माळावर, गुरांच्या पायवाटेजवळ तो आडवा पसरला आहे. परत आल्यापासून भेटेल त्याला मी या हत्तीबद्दल सांगते आहे. आता तुम्हाला सांगते.

दिवाळी होऊन गेली होती. रत्नागिरीच्या मैत्रिणीने फोन केला, "ये." आंबे नाहीत, पाऊस नाही, आता तिकडे काय बघायचं, असं मी विचारलं. "ये तर खरी. सडा दाखवते," म्हणाली.

पावस मागे पडलं, पूर्णगडला मुचकुंदीची खाडी ओलांडली, गाडी चढाला लागली आणि वर पोचल्यावर झाडं एकदम संपलीच. खाली माड-पोफळी, कौलारू घरं, व्हाळाचं पाणी. वर नजर जाईल तिथपर्यंत सपाट, काळपट तांबडा कातळ. मधूनमधून वाळून पिवळं पडलेलं गवत, एखादं करवंदीचं जाळं, लांबवर कडेला समुद्राची निळी पट्टी. वारा असा की ओढणी जागेवर राहीना. मैत्रिणीच्या ओळखीचे गावातले एक काका खांद्यावर खराटा टाकून पुढे चालत होते. खराटा कशाला, ते मला कळेना. मग त्यांनीच सांगितलं, पावसात वाहून आलेली माती रेघांमध्ये बसते, तिच्यात गवत रुजतं, आणि मग आकृती काही केल्या दिसत नाही. आधी झाडायचं, मग बघायचं.

काका थांबले. "चपला काडा हितं," म्हणाले. मी चपला काढल्या आणि देऊळ कुठे दिसतं का ते बघू लागले. "आता हिकडं येऊन हुब्या ऱ्हावा. ऊन समोरून घ्या. आन् खाली बगा."

सूर्य कलला होता. कलत्या उन्हात कातळावर सावलीची एक बारीक रेघ उमटलेली दिसली. ती वळत वळत माझ्या पायाशी आली, अंगठ्याजवळून पुढे गेली, आणि मी मान फिरवून तिच्या मागे मागे गेले. बराच वेळ ती वाकतच होती. एवढी लांब, एवढी सलग, एवढी ठाम रेघ! पाणी वाहून अशी रेघ पडत नाही, नांगराने पडत नाही. पाठ होती ती. हत्तीची पाठ! मग काकांनी खराट्याच्या दांड्याने हवेत गिरवून दाखवली ती सोंड, मग एकेक पाय, मग शेपूट. मी मघापासून हत्तीच्या आत उभी होते.

आणि तो एवढ्यावर संपत नाही, हे मला सांगताना अजूनही धाप लागते. या हत्तीच्या अंगात दुसऱ्या आकृत्या आहेत, सत्तरच्या वर! चार पायांची जनावरं आहेत, पक्षी आहेत, समुद्रातले मासे आहेत. एक शार्क ओळखू आला, चपटी लांब शेपटीची पाकट ओळखू आली. जंगल आणि समुद्र दोन्ही एकाच हत्तीच्या पोटात घातले आहेत. कुणाला सुचलं असेल हे? एक मोठा प्राणी काढायचा आणि बाकीची सगळी सृष्टी त्याच्या आत राहते असं दाखवायचं, ही साधी कल्पना नाही. ते कुठल्या देवाचं रूप असेल, कुळाची खूण असेल, की सांगितलेली गोष्ट असेल, त्यावर अभ्यासक वाद घालोत. मला मात्र तिथे उभं राहून एवढंच पटलं की ज्याने हे आखलं, त्याच्या डोक्यात आधी अख्खं चित्र पुरं झालं होतं.

कारण ते डोळ्यांनी बघायची सोयच नव्हती. या गोष्टीवरून माझं मन अजून हलायला तयार नाही. आज आपण वर ड्रोन उडवतो आणि हत्ती एका नजरेत दिसतो. त्याची बाहेर आलेली छायाचित्रं तशीच घेतलेली आहेत. पण सड्यावर झाड नाही, टेकडी नाही, चढून बघावं असा एक उंचवटा नाही. जमिनीवर उभं राहिलं की सोंड बघताना शेपूट नजरेतून सुटते. कोरणारे तर ओणवे किंवा उकिडवे बसलेले असणार; त्यांना समोर हातभर दगड तेवढा दिसत असणार. तरी पाठीची गोलाई कुठे चुकली नाही, पाय सोंडेच्या मानाने लहान-मोठे झाले नाहीत. दोरी ताणून मोजलं असेल? पावलं टाकून? दोघा-चौघांनी हत्तीच्या वेगवेगळ्या अंगांवर उभं राहून एकमेकांना हाका मारल्या असतील? मी सोंडेच्या टोकापासून शेपटीपर्यंत बाहेरच्या कडेने चालून पाहिलं, रेघेवर पाय न ठेवता. चालताना हत्ती कळतो, उभं राहून कळत नाही. मला वाटतं त्यांनीही तो आधी चालून पाहिला असेल, मग कोरला असेल.

जांभ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण ही सगळी करामत त्या दगडाच्या स्वभावावर उभी आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाखो वर्षं उष्ण, दमट हवेत कुजत गेला, पावसाने त्यातले विरघळणारे घटक धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, आणि त्यातून हा तांबडा, भोकाभोकांचा दगड तयार झाला. खाणीतून ताजा काढला की तो मऊ असतो; चिरे तासून घेता येतात. हवा-ऊन लागलं की कठीण होतो. कोकणातली घरं, विहिरी, गडगे याच चिऱ्यांचे. सड्याच्या माथ्यावर मात्र उन्हापावसाने कडक झालेलं काळपट कवच असतं, आणि ते फोडलं की आत उजळ तांबूस रंग निघतो. म्हणजे ज्या दिवशी हा हत्ती पुरा झाला त्या दिवशी त्याची रेघ काळ्या कातळावर लाल-केशरी पेटल्यासारखी दिसली असेल! आज आपल्याला सावलीवरून शोधावी लागते ती रेघ त्या दिवशी लांबूनसुद्धा दिसली असणार. तिथे बसून मी डोळे मिटले आणि ती रंगीत रेघ डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. आली. खरंच आली.

कोरीवकाम दोन तऱ्हांचं आहे. बहुतेक ठिकाणी आकृतीची बाह्यरेषा खणून काढली आहे, काही सेंटिमीटर खोल. काही ठिकाणी उलट केलं आहे. आजूबाजूचा दगड खरवडून टाकला आणि आकृती उठावात ठेवली. त्यासाठी किती जास्त दगड काढावा लागतो, जरा विचार करा. धातूची हत्यारं अजून यायची होती. कणकवली तालुक्यात कोळोशी गावाजवळ एक गुहा आहे. तिथे राज्य पुरातत्त्व विभागाने उत्खनन केलं तेव्हा दगडाची हत्यारं मिळाली. म्हणजे या मुलखात दगडाने दगड घडवणारी माणसं राहत होती, याला जमिनीखालचा पुरावाही आहे. आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे! एवढ्या पावसाखाली हजारो पावसाळे काढून रेघ जागेवर आहे.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सडेच्या सडे पालथे घातले. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत मिळून सत्तरहून जास्त ठिकाणी दीड हजारांवर आकृत्या नोंदल्या गेल्या आहेत. जांभरुणला तर कातळावर नुसती गर्दी आहे; माणसं, हरणं, मासे, कासवं, कुठे पाय ठेवावा तेच समजत नाही. मैत्रीण पुढे जाऊन "अगं इकडे ये, इकडे ये" करत होती आणि मी मागे एकाच माशाजवळ बसलेली. त्या माशाचे पर जिथे हवेत तिथे होते. शेपटी जशी फाकते तशी फाकलेली. हा मासा कुणाच्या तरी हातात तडफडला आहे, कुणीतरी तो कापला आहे, खाल्ला आहे, त्याशिवाय असा काढता येणार नाही.

आणि नांगर कुठेच नाही. बैलजोडी नाही, कणीस नाही, पेरणी नाही. दीड हजारांवर आकृत्यांमध्ये शेतीची खूण नाही! राज्य पुरातत्त्व विभागाचे तेजस गर्गे यांच्यासारख्या अभ्यासकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं आहे. शिकार करणारी, मासे पकडणारी, कंदमुळं गोळा करणारी माणसं होती ती. शेती त्यांच्या आयुष्यात अजून आली नव्हती. काळ ठरवायला हा धागा मोठा मोलाचा आहे, कारण नुसत्या दगडातल्या खोबणीचं वय काढणं फार कठीण काम. हाडाचं, कोळशाचं वय प्रयोगशाळेत निघतं. खोबण म्हणजे दगड नसलेली जागा, तिचं वय कशावरून मोजणार? म्हणून अभ्यासक चित्रांतले विषय, जवळपास सापडणारी हत्यारं, मातीचे थर, सगळं एकमेकांशी पडताळून बघतात. सगळी चित्रं एकाच काळातली असतील असंही नाही. पिढ्यान्‌ पिढ्या लोक त्याच सड्यांवर येऊन कोरत राहिले असतील.

तेव्हा समुद्रसुद्धा आजच्या जागी नव्हता. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, जगभर समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. नंतर बर्फ वितळत गेलं आणि पाणी हळूहळू वर चढत आलं. म्हणजे या माणसांच्या पणज्या-खापरपणज्यांचा किनारा आजच्या किनाऱ्याच्या खूप पश्चिमेला होता, आणि त्यांची राहण्याची जागा आज लाटांखाली असेल. कशेळीच्या सड्यावरून दिसणारी ती निळी पट्टी मी पुन्हा बघितली तेव्हा ती मला वेगळीच दिसली. तिथे खाली चुली असतील!

आता गेंडा. हो, गेंडा! रत्नागिरी तालुक्यात चवे-देऊड इथे सड्यावर एकशिंगी गेंडा कोरलेला आहे. आज गेंडा बघायचा तर काझीरंगा गाठावं लागतं. मग हा कुठून आला? कुणी म्हणेल ऐकून काढला असेल. पण अंगाचा बोजा, नाकावरचं शिंग, मानेचा ठेका बघितल्यावर मला ते पटत नाही. हा समोर उभा राहिलेला गेंडा आहे. आणि माझ्या म्हणण्याला आधार आहे. गुजरातमध्ये लांघणज इथे मध्याश्मयुगीन वस्तीच्या उत्खननात गेंड्याचं हाड मिळालं आहे. पश्चिम भारतात तेव्हा गेंडा फिरत होता. मग कोकणातल्या ओल्या, गवताळ खोऱ्यांतही तो फिरला असेल, तर त्यात अशक्य ते काय? कुठल्याही पुस्तकात कोकणच्या प्राण्यांच्या यादीत गेंडा लिहिलेला मी वाचला नव्हता. सड्याने तो लिहून ठेवला आहे.

जनावरांच्या बाबतीत एवढे चोख असलेले हे लोक माणूस काढताना वेगळेच वागतात. मी पाहिलेल्या बहुतेक माणसांना नाक-डोळे नाहीत. सरळ उभे, हात अंगालगत सोडलेले, पावलं दोन बाजूंना वळलेली. कित्येक ठिकाणी तर फक्त कमरेखालचं शरीर आहे, दोन पाय आणि पावलं, वरचा भाग काढलेलाच नाही. गर्भधारणेशी, मातृदेवतेशी त्याचा संबंध जोडणारे अभ्यासक आहेत, आणि पुढे कित्येक शतकांनी आलेल्या लज्जागौरीची आठवण कुणालाही होईल. हत्तीच्या सोंडेला एवढी माया आणि स्वतःच्या चेहऱ्याला रेघसुद्धा नाही! मला या गोष्टीने फार हलवलं. आपण गुहेत, डोंगरावर, बाकावर, जिथे जाऊ तिथे आपलं नाव कोरतो. या लोकांनी हत्ती कोरला, मासा कोरला, स्वतःला जवळपास वगळलं.

देवाचे गोठणे इथे असाच एक माणूस सड्यावर झोपल्यासारखा कोरला आहे, आणि तिथे होकायंत्र चुकतं. मैत्रिणीने मुद्दाम खिशातून आणलं होतं. आकृतीपासून लांब उभं राहिलो तर सुई शहाण्यासारखी उत्तर दाखवत होती. आकृतीवर धरलं आणि सुई फिरली. जरा सरकवलं, पुन्हा तिसरीकडे. दगडातल्या लोहाचा, त्याच्या चुंबकत्वाचा हा खेळ. पण नेमक्या याच जागी माणूस का कोरला? त्या लोकांना काही जाणवलं होतं का? की वीज तिथे पडली आणि त्यांनी ती जागा राखली? मी विज्ञानाच्या बाजूची आहे, तरी सुई फिरताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो मी लपवणार नाही.

बारसूच्या सड्यावर जाताना माझ्या मनात आधीच एक चित्र होतं, कारण बारसूच्या आकृतीबद्दल खूप लिहिलं गेलं आहे. मध्ये माणूस, दोन्ही बाजूंनी त्याच्याकडे झेपावणारे दोन वाघ. मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर दोन वाघांना दोन हातांनी थोपवून धरणारा माणूस आहे. मेसोपोटेमियातही असा दोन हिंस्र पशूंमधला वीर वारंवार दिसतो. म्हणून बारसूचं नातं थेट तिथपर्यंत जोडायचा मोह होतो. मला तो मोह आवरावासा वाटतो. वाघाच्या रानात राहणाऱ्या कुठल्याही माणसाला हे स्वप्न पडेल, त्यासाठी सिंधूचं पाणी प्यायला हवं असं नाही. पण चित्रासमोर उभं राहिल्यावर तर्क बाजूला पडतो. माणूस प्रचंड आहे, वाघ प्रचंड आहेत, आणि माणूस पळत नाहीये.

मग प्रश्न येतो, एवढं सगळं इतकी वर्षं होतं कुठे? गावकऱ्यांना ते ठाऊक होतंच. कुठे पांडवांनी एका रात्रीत कोरलं म्हणत, कुठे त्या जागेला देवपण आलेलं. अभ्यासकांचं लक्ष मात्र उशिरा गेलं. १९९०च्या सुमारास रत्नागिरीजवळ निवळीच्या गावडेवाडीला पहिली नोंद झाली. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांना २००१ मध्ये मालवण तालुक्यातल्या हिवाळे इथे आकृत्या आढळल्या, पुढे कुडोपीचं मोठं ठिकाण समोर आलं. आणि रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून हे सडे अक्षरशः पायाखाली घातले. त्यांच्या कामाची रीत मला फार आवडली. ते थेट गुराख्यांना, शाळेतल्या पोरांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारत गेले: तुमच्या सड्यावर दगडात काही चित्रं आहेत का? ज्यांनी गुरं चारत आयुष्य काढलं त्यांना सड्याचा इंच न्‌ इंच पाठ असतो. एका गावात उत्तर मिळालं की दुसऱ्या गावाचं नाव कळायचं. निसर्गयात्री संस्थेच्या माध्यमातून हे काम अजून सुरू आहे, त्यात आता ऋत्विज आपटे यांच्यासारखे तरुण संशोधक आहेत.

मार्च २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत कोकणातली नऊ ठिकाणं गेली: कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, रुंढे तळी, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातलं फणसमाळ. गोव्याचं ठिकाण मी अजून पाहिलेलं नाही आणि ते डोक्यातून जात नाही. सांगे तालुक्यात कुशावती नदीच्या अगदी काठावर, उसगाळीमळजवळ, जांभ्यात बैल कोरलेले आहेत, रानटी जनावरं आहेत, आणि एक गोल चक्रव्यूह आहे, आत आत वळत जाणारा. नदीला पूर आला की पाणी त्यावरून जातं. १९९३ मध्ये ते पुरातत्त्व खात्याच्या नजरेला आलं, तेही गावकऱ्यांनी सांगितलं म्हणून.

उक्षीला जा, म्हणजे गावाने मनावर घेतलं तर काय होतं ते दिसेल. कोकण रेल्वेच्या उक्षी स्थानकाचं नाव गाडीतून जाताना वाचलं असेल; त्याच गावच्या सड्यावर एक हत्ती आहे. गावकऱ्यांनी पुढाकार घेऊन त्याच्याभोवती जांभ्याचंच गोल कुंपण घातलं आहे, वर चढून बघायला चौथरा केला आहे. चार पायऱ्या चढलं की हत्ती एका नजरेत मावतो. चित्र जपायला तोच दगड वापरला, हे मला फार बरोबर वाटलं. सिमेंटची चौकट तिथे डोळ्यांत खुपली असती.

बाकीचे सडे उघडे आहेत, आणि मला भीती वाटते ती इथे. सातबारावर या जमिनीची नोंद पोटखराब. पोटखराब म्हटलं की तिथे काहीही करायला माणूस मोकळा. चिरेखाण सुरू होते, यंत्राचं पातं फिरतं आणि एका दुपारी जे चौकोनी चिरे निघतात त्यांतल्या एखाद्यावर हरणाचा पाय असू शकतो. कलमं लावायला सुरुंगाने खड्डे पाडतात. रस्ता सरळ जावा म्हणून कातळ फोडतात. बारसूच्या परिसरात तेलशुद्धीकरण प्रकल्पाचं घाटत होतं, २०२३ च्या एप्रिलमध्ये तिथे मातीपरीक्षणावरून मोठं आंदोलन झालं, ते सगळ्यांनी वाचलं आहे. गावाला रोजगार हवा, यात मला शंका नाही. पोरं मुंबईला गेल्यामुळे बंद पडलेली घरं मीही पाहिली. पण हजारो वर्षांचा वाघ आणि माणूस ज्या कातळावर आहेत, तो कातळ दुसरीकडे उचलून नेता येत नाही. हे ज्याला समजत नाही त्याला मी हाताला धरून बारसूला न्यायला तयार आहे.

आणि सडा ओसाड नाही हो! पावसाळ्यात तो भिजून जिवंत होतो. भोकाभोकांतून पाणी आत मुरतं आणि खालच्या वाड्यांच्या विहिरींना पुरतं. कातळावरच्या बोटभर मातीत दीपकाडी फुलते, शुभ्र, उंच दांड्याची. कोकणातले हे सडेच तिचं घर. मातीचा हा पातळ थर आणि त्याखालचं चित्र, दोन्हींना गाडीचं एक चाक पुरतं.

म्हणून जायचं तर असं जा. गवत वाळल्यावर जा, कार्तिकानंतर. दुपारी बारा वाजता अजिबात जाऊ नका. सूर्य डोक्यावर असला की सावली पडत नाही आणि समोरचा हत्ती नाहीसा होतो. सकाळी आठच्या आत किंवा उन्हं कलल्यावर. गाडी रस्त्यावर ठेवा, पायी चाला, गावातल्या कुणाला तरी बरोबर घ्या आणि त्याच्या वेळेचे पैसे द्या. रेघ उठून दिसावी म्हणून खडूने किंवा चुन्याने गिरवू नका. तसं केलेली ठिकाणं मी पाहिली, जीव तुटला. तो खडू दगडाच्या भोकांत बसतो आणि निघत नाही. आणि चपला काढा. कुणी सांगेल याची वाट बघू नका.

काल रात्री मैत्रिणीचा पुन्हा फोन आला. राजापूरकडच्या एका गावात एका गुराख्याने सांगितलंय, त्यांच्या सड्यावर पाणवठ्याजवळ 'रेगा' आहेत, लहानपणी त्यावर पोरं खेळायची. कसल्या रेघा, त्याला सांगता येईना. हात पसरून नुसतं "मोट्या, मोट्या" म्हणत होता. मी स्वारगेटहून रात्रीच्या रत्नागिरी गाडीचं आरक्षण केलं आहे. तिकडे सड्यांवर वणवे लागायच्या आधी पोचायचं आहे.